घरचा अंक

एकतिसावं शहरही नापास झालं, तेव्हा डॉ. कुंदा रामटेकेने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले. नागपुरात सकाळचे साडेदहा वाजले होते आणि एप्रिलचं ऊन आतापासूनच काचेवर येऊन बसलं होतं. पडद्यावर समितीचे बाकीचे आठ सभासद आपापल्या चौकटींत होते. कुणाच्या खिडकीत पहाट होती, कुणाच्या मागे दिवे लागले होते. थकवा मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळचा होता.

"म्हणजे उरलं फक्त बेट," ती म्हणाली.

"बेटही पूर्ण पास नाही, मॅडम," पुण्याहून ओजस मुजुमदार म्हणाला. 'पडताळा' ही यंत्रणा चालवणारा गणितज्ञ तो. "सहाशे चाळीस जणांपैकी सात जण मर्यादेच्या वर आहेत."

"सातच?" विमा कंपनीच्या प्रतिनिधी श्रीमती लिंडक्विस्ट खुर्चीत सरळ झाल्या. "मग प्रश्न सुटला. त्या सात जणांना घरूनच सहभागी होण्याची विनंती करू या."

'विनंती' हा शब्द समितीत सगळ्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. जागतिक सिकलसेल परिषद दर तीन वर्षांनी भरायची. २०२९ साली तिला अकराशे लोक आले होते. पुढच्या खेपेला नऊशे, त्याच्या पुढच्या खेपेला सातशे. दर वेळी आणखी काही जणांना विनंती जायची आणि ते घरी राहायचे. ज्या आजारासाठी परिषद भरायची, तो आजार अंगावर वागवणारी माणसंच तिच्यातून एकेक करून गळत चालली होती. उरत होते ते त्यांच्यावर संशोधन करणारे धडधाकट लोक.

पडताळ्याचं काम समजायला अवघड नव्हतं. प्रत्येक माणूस आपली माहिती स्वतःच्या संमतीने यंत्रणेला द्यायचा: आजार, औषधं, पासपोर्ट, चेहरा, चाल, येणाऱ्या भाषा, अगदी नावसुद्धा, कारण काही ठिकाणी नावही अंगाशी येतं. त्यावरून यंत्रणा त्या माणसाचं एक प्रतिरूप तयार करायची आणि त्याला परिषदेच्या नऊ दिवसांसाठी त्या शहरात पाठवायची. एकदा नाही, वीस हजार वेळा. दर वेळी काहीतरी वेगळं घडायचं. कधी विमान चुकायचं, कधी रस्त्यावर मोर्चा निघायचा, कधी कस्टमचा अधिकारी वाईट मनःस्थितीत असायचा, कधी हॉटेलची लिफ्ट बंद पडायची. शहराचे कायदे, पोलिसांच्या नोंदी, हवा, उंची, दवाखान्यांची अंतरं, सगळं त्यात धरलेलं असायचं. दर दहा हजार फेऱ्यांत किती वेळा त्या माणसाच्या जिवावर बेतलं, तो त्याचा अंक. पंचविसाच्या वर अंक गेला की विमा नाही, आणि विमा नाही तर परिषद नाही. कुणाचा देशाभिमान आड येऊ नये म्हणून शहरांची खरी नावं निवड होईपर्यंत झाकलेली असायची. पठार, बंदर, बेट अशी टोपणनावं तेवढी दिसायची.

हे सगळं सुरू झालं ते फिलोमिनामुळे, आणि फिलोमिनाचं शहर कुंदाने निवडलं होतं.

फिलोमिना पश्चिम आफ्रिकेतली नर्स. स्वतः सिकलसेलची रुग्ण. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं फुटल्यासारखी दुखतात, म्हणून ती मॉर्फिनच्या गोळ्या आणि डॉक्टरांचं पत्र नेहमी जवळ बाळगायची. २०२९च्या परिषदेत पोलिसांनी तिला स्टेशनच्या दारात अडवलं. तिच्याखेरीज त्या रांगेत कुणालाच अडवलं नव्हतं. गोळ्यांना त्या देशात अमली पदार्थ म्हणत आणि पत्र त्यांच्या भाषेत नव्हतं. दोन रात्री कोठडीत पाणी आणि औषधाविना काढल्यावर ती गेली. शहर निवडताना समितीत चार विरुद्ध चार मतं पडली होती. पाचवं मत कुंदाचं होतं. विमानतळ जवळ होता आणि सभागृहं चांगली होती. प्रेत ओळखायलाही तिलाच जावं लागलं.

तेव्हापासून नऊ वर्षं ती या समितीची अध्यक्ष होती. ही शेवटची परिषद, मग बस्स, असं तिने घरी सांगून ठेवलं होतं.

तिने सात नावांची यादी उघडली. चौथं नाव रुपेश हिचामी. बेटावरचा अंक एकतीस.

यंत्रणा कारण सांगत नसे. कोण आजारी आहे, कोण कुणाबरोबर राहतं, कोण सरकारला नकोसं झालंय, हे समितीला कळू नये म्हणून तो नियम होता. पण रुपेशचं कारण कुंदाला सांगायला यंत्रणेची गरजच नव्हती. तो नऊ वर्षांचा असल्यापासून तिचा सिकलसेलचा पेशंट होता. आता एकोणतीस वर्षांचा झाला होता, गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीच्या पलीकडे कोसमटोल्याच्या आश्रमशाळेत गणित शिकवत होता आणि चाळीस गावांतल्या सिकलसेल रुग्णांची संघटना चालवत होता. या वेळी मुख्य व्यासपीठावर त्याचं भाषण ठरलं होतं. तसं पत्र तिनेच पाठवलं होतं.

विनंती ईमेलने जायची असते. कुंदाने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोसमटोल्याला पोचली. रुपेशच्या अंगणात त्याच्या आईने, जैनीबाईने, मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास सगळीकडे पसरला होता. जैनीबाईने तिला खाट टाकून दिली, तांब्याभर पाणी दिलं आणि पुन्हा फुलं पसरायला लागली.

रुपेश शाळेतून आला तो हातात भाषणाचे कागद घेऊनच. कुंदाकडे पाहून तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि कागद बाजूला ठेवले.

"नाही म्हणायला आलात ना, मॅडम?"

"तुला कसं कळलं?"

"हो म्हणायला कुणी सात तास प्रवास करत नाही."

कुंदाने त्याला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. त्याला आकडे कळत होते.

"एकतीस म्हणजे दहा हजार वेळा गेलो तर एकतीस वेळा मरतो?"

"मरतोस, किंवा मरता मरता वाचतोस."

मग गणिताच्या मास्तराने फळ्याकडे बघून विचारावं तसं त्याने विचारलं, "आणि गेलोच नाही तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते नऊ दिवस मी इथंच राहिलो. याच ओसरीवर. दहा हजार वेळा. मग त्यातले किती वेळा?"

कुंदा म्हणाली, "ते कधी काढलंच नाही रे."

"का?"

पस्तीस वर्षं ती डॉक्टरकी करत होती. औषध दिलं तर काय होतं, हे बघताना न दिलं तर काय होतं तेही बघायचं, हा कॉलेजातल्या पहिल्या वर्षाचा धडा. प्रत्येक निबंधात, प्रत्येक चाचणीत तिने तो पाळला होता. आणि गेली नऊ वर्षं शेकडो लोकांना घरी राहा म्हणून सांगताना घर म्हणजे काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"परिषद ऑगस्टमध्ये आहे," रुपेश म्हणाला. "ऑगस्टमध्ये नाल्यावरचा पूल पाण्याखाली असतो. गेल्या साली मला दुखायला लागलं तेव्हा चौघांनी खाटेवर घालून नेलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायला अकरा तास लागले."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून पूल वर येणार होता का?"

कुंदाने तिथूनच ओजसला फोन लावला. गावात रेंज होती, ही एक गोष्ट तरी सरकारने केली होती.

"घरचा अंक?" ओजस गोंधळला. "मॅडम, घर हा यंत्रणेत निघण्याचा बिंदू आहे. तिथला धोका शून्य धरलाय."

"कुणी धरला?"

"आधीपासून तसंच आहे. विमा दारातून पाऊल बाहेर टाकल्यावर सुरू होतो ना. त्याच्या आधीचं मोजायचं कारणच नव्हतं."

"मग कोसमटोला हेच परिषदेचं ठिकाण आहे असं सांग तिला. रुपेशला तिथं पाठव. तेच नऊ दिवस."

"संमती लागेल त्यांची."

रुपेशने फोन हातात घेऊन अंगठा टेकवला. मग तिघंही बसून राहिली. जैनीबाई फुलं उलटीपालटी करत होती. वीस हजार रुपेश त्या अंगणात उठले, शाळेत गेले, पावसात भिजले, कण्हले, खाटेवर पडले. पंचवीस मिनिटांनी ओजसचा आवाज आला.

"मॅडम, मी दोनदा तपासलं. चोपन्न."

फोनचा स्पीकर सुरू होता, हे कुंदाच्या तेव्हा लक्षात आलं.

रुपेश हसला. अगदी थोडंसं, ओठांच्या एका बाजूने. "पास झालो की मी. बेट परवडलं."

जैनीबाई उठली. हाताला चिकटलेली फुलं तिने पदराला पुसली आणि कुंदासमोर येऊन उभी राहिली. "बाई, तिकडं एकतीस आणि इथं चोपन्न, असं बोलला ना तो? म्हणजे माझ्या घरात पोरगा जास्त मरतो?"

"घरामुळे नाही हो, जैनीबाई. पूल बुडतो, दवाखाना लांब आहे, रक्त मिळत नाही..."

"ते सगळं घराभोवतीच आहे नं?"

कुंदाने मान डोलावली.

"मग त्याला घेऊनच जा. आणि परत नका आणू."

"आई!" रुपेश उठला. त्याने कुंदाकडे असं पाहिलं की इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, तिच्यासमोर बोलायला नको होतं हे. तिला दुखणं माहीत होतं. आकडा माहीत नव्हता."

परतीच्या वाटेवर कुंदाने गाडीतले सात तास डोळे मिटून काढले. झोप लागली नाही.

समितीची पुढची बैठक तीन तास चालली. कुंदाची सूचना एका वाक्याची होती: ज्याचा घरचा अंक शहराच्या अंकापेक्षा जास्त आहे, त्याला अडवू नये.

"मी तुमच्याशी असहमत नाही," श्रीमती लिंडक्विस्ट म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्याही तितक्याच दमलेल्या दिसत होत्या. "पण घरात माणूस गेला तर कुणी आमच्यावर दावा लावत नाही. बेटावर गेला तर लावतील."

"म्हणजे आपण त्यांना धोक्यापासून वाचवत नाही. आपल्याला त्यांच्यापासून वाचवतो."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे आज कळतंय?"

शेवटी पाच विरुद्ध चार मतांनी सूचना मंजूर झाली. कंपनीनेही मान तुकवली, पण एका अटीवर. अशा प्रत्येक माणसाची जबाबदारी अध्यक्षांनी स्वतः, स्वतःच्या सहीने घ्यायची. काही बरंवाईट झालं तर कोर्टात उभं राहायचं ते त्यांनीच.

सातही जणांना विचारण्यात आलं. लंडनच्या एका प्राध्यापकाचा घरचा अंक चार निघाला. त्याने हसून घरीच राहणं पसंत केलं. दोघांनी आपल्या घराचा आकडा जाणून घ्यायला नकार दिला. त्यांतली एक बाई कुंदाला म्हणाली, "कळल्यावर मी त्या घरात मुलांना जेवायला कशी वाढू?" ते दोघंही आले नाहीत. उरलेल्या चौघांचं घर बेटापेक्षा घातक निघालं. कुंदाने चार कागदांवर सह्या केल्या.

ऑगस्टमध्ये परिषद भरली. बेट स्वच्छ होतं, पोलीस हसून बोलत होते आणि कस्टमवाल्याने रुपेशच्या गोळ्यांचा डबा बघून, पत्र वाचून परत दिला. तो अधिकारी डबा हातात धरून उभा होता तेवढा वेळ कुंदा रुपेशच्या मागे त्या डब्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या गार वातानुकूलित मार्गिकेत रुपेश भिंतीला धरून खाली बसला. पाय आणि पाठ ठणकत होती. कुंदाने त्याचा चेहरा बघितला आणि पुढचं बघायला थांबली नाही. अकरा मिनिटांत तो दवाखान्यात होता. सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला, दुखणं दाबायचं औषध कुणी प्रश्न न विचारता दिलं. छातीचा फोटो निघाला. फुप्फुसातही पेशी अडकायला सुरुवात झाली होती. आणखी उशीर झाला असता तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं, असं तिथली डॉक्टर म्हणाली. कुंदा पलंगाशेजारी स्टुलावर बसली. सही केलेला कागद तिच्या पर्समध्ये होता. एकतिसांतली ही एक फेरी असेल का, की बाकीच्या नऊ हजार नऊशे एकोणसत्तरांतली, याचा ती अंदाज बांधत राहिली. डॉक्टरला ते ओळखता यायला हवं होतं. तिला येत नव्हतं.

संध्याकाळी त्याला जाग आली.

"मी झोपलो होतो?"

"चार तास."

त्याला ते खरं वाटेना. "दुखत असताना?"

"दुखणं थांबल्यावर."

तो छताकडे बघत पडला. "मॅडम, थांबतं होय ते असं?" त्याने विचारलं, आणि कुंदाला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं.

भाषण शेवटच्या दिवशी झालं. तो खुर्चीत बसून बोलला. तयार केलेले कागद त्याने उघडलेच नाहीत. "माझ्या गावात मला दवाखान्यात पोचायला अकरा तास लागले, इथे अकरा मिनिटं," तो म्हणाला. "आजार तोच. पेशी त्याच. तुम्ही पेशींवर फार चांगलं काम करता. अकरा तासांवर कोण काम करतं, त्याचं नाव मला कुणीतरी द्या." बोलणं चार मिनिटांत संपलं. लोक उभे राहिले, टाळ्या वाजल्या, काहींनी डोळे पुसले. मग जेवणाची वेळ झाली आणि सभागृह रिकामं झालं. नाव कुणी दिलं नाही.

नागपूरच्या विमानतळावर उतरल्यावर कुंदाने शेवटचा प्रयत्न केला.

"माझ्या संस्थेत जागा आहे. राहायला खोली आहे. आईलाही आण. तुझा अंक नागपुरात नऊ येतो, मी काढून बघितलाय."

"मला न विचारता?"

"हो. न विचारता."

त्याला राग आला नाही. त्याने बॅग खांद्यावर घेतली. "शाळेत एकशे बारा पोरं आहेत, मॅडम. त्यातली नऊ माझ्यासारखी आहेत. मी नागपूरला आलो तर माझा अंक नऊ होईल. त्यांचा?"

"तू तिथं राहून त्यांचा कमी होतो का?"

"थोडा होतो. चौघं लागतात ना खाट उचलायला. मी ते चौघं जमवतो." मग तो म्हणाला, "आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी घरी आलो की माझ्याकडे बघत बसते. जेवतानाही. तुमचा तो आकडा आमच्या घरात राहायला आलाय, मॅडम."

"मला माफ कर."

"नाही हो. खरा आहे तो. पण खरं असलं म्हणून घरात जागा होते असं थोडंच आहे." त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि तो गडचिरोलीच्या गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला. पूल बुडालेला होता, डोंग्यातून नाला ओलांडून तो घरी पोचला होता. तासाभराने विमा कंपनीचा फॉर्म आला. प्रत्येक सहभागीसाठी एक ओळ होती: 'सहभागी सुरक्षित ठिकाणी परतला आहे.' पुढे दोन चौकोन, 'होय' आणि 'नाही'. होय म्हटलं की तिची सही रद्द होणार होती आणि जबाबदारी संपणार होती. सहाशे तेहेतीस नावांपुढे संस्थेच्या कारकुनाने आधीच 'होय' करून ठेवलं होतं. चार ओळी तेवढ्या तिच्यासाठी सोडल्या होत्या.

कुंदाने चारही ठिकाणी 'नाही' केलं आणि फॉर्म पाठवून दिला.

दहा मिनिटांत ओजसचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडून चार जागी चुकून 'नाही' दाबलं गेलंय. सगळे घरी पोचलेत."

"घरी पोचलेत, हे मला माहीत आहे."

घरचे अंक ओजसनेच काढले होते. "पण मग प्रकरण उघडं राहतं. त्यांना काही झालं तर तुम्हीच जबाबदार. कंपनी वकिलाची नोटीस पाठवेल."

"पाठवू दे."

"किती दिवस उघडं ठेवणार?"

"ते मला माहीत नाही, ओजस. मी फार दमलेय. आता ठेवू का?"

तिने फोन ठेवला. घरी जाऊन झोपावं असं तिला मनापासून वाटलं. त्याऐवजी तिने कोसमटोल्याच्या नाल्यावरचा पूल कुणाच्या अखत्यारीत येतो ते शोधलं आणि त्या कार्यालयाचा नंबर फिरवला. तिकडून कुणीतरी दुसऱ्या विभागाकडे जोडून दिलं, त्यांनी तिसऱ्याकडे. तिसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, तुम्ही उद्या करा.

"मी थांबते," कुंदा म्हणाली.

"वेळ लागेल, मॅडम."

"लागू द्या," ती म्हणाली आणि फोन कानाला धरून बसून राहिली.